उजवा गाल

विश्रामबाग, सांगली
१२ नोव्हेंबर २०२४

सौ. शालनताई यांस,

नमस्कार. हे पत्र खुशालीचं नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमची सोनिया, म्हणजे तुमची सून, दिवाळसणाला आली. भाऊबीज होऊन आज नऊ दिवस झाले तरी परत जायचं नाव काढत नाही. बॅग आली तशी कोपऱ्यात उभी आहे. विचारलं तर म्हणते, "मम्मी, तिथं मी कुणासाठी जाऊ?" शंभूराज सीमेवर, वर्षातून दोनदा रजा. व्याही दिवसभर उसात. उरता तुम्ही. आणि तुम्ही तिच्याशी बोलत नाही.

हे फोनवर बोलता आलं असतं, पण मी फोन केला की तुम्ही "हं" म्हणता आणि तो व्याह्यांच्या हातात देता. मी टपाल खात्यात एकतीस वर्षं काढली आहेत. पाकिटाला "हं" म्हणून भागत नाही, ते उघडावंच लागतं. म्हणून पाकीट पाठवलंय.

सुरुवात लग्नातच झाली. सूनमुख बघताना तुम्ही दोघी शेजारी बसलात, समोर आरसा धरला. पोरीनं पुढं झुकून तुमच्या गालाला गाल लावला, तर तुम्ही तिला खांद्याला धरून ढकललंत. आरसा बायकांच्या पायात पडला आणि तुम्ही तोंडाला पदर लावून आत निघून गेलात. मांडवात चारशे माणसं होती. आमच्या कवठे महांकाळच्या बायका जेवणाच्या पंगतीत कुजबुजत होत्या, "सासूनं पयल्याच दिवशी तोंड फिरिवलं गं." मी म्हटलं, उन्हानं चक्कर आली असेल. तेव्हा मी तुमची बाजू घेतली होती.

त्यानंतर सात महिने ती काय काय सांगते ते ऐका. तिनं केलेला चहा तुम्ही पार गार होईपर्यंत शिवत नाही. तिच्याबरोबर जेवायला बसत नाही. एकदा तुमच्या गालाला पीठ लागलं होतं, ते पुसायला तिनं हात पुढं केला, तर तुम्ही तो हात फाडकन मारून बाजूला केलात. दिवसभरात चार शब्द, तेही खुणेनं. तिच्या जागी तुमची लेक रेश्मा असती आणि तिची सासू अशी वागली असती, तर तुम्ही गप्प बसला असता का?

एकच विचारते. माझी मुलगी तुम्हाला घरात हवी आहे की नको? आठ दिवसांत लेखी कळवा.

विजयमाला


पाटण
२० नोव्हेंबर २०२४

सौ. विहीणबाईंना शालनचा नमस्कार.

पत्र पोचलं. मी कुणाशी अबोला धरलेला नाही. माझी दाढ दुखते. बोललं की जास्त दुखते, म्हणून बोलत नाही. तीन दाढा काढल्या तरी थांबत नाही. बाकी काही नाही.

सोनिया चांगली आहे. तिचा काही दोष नाही. सध्या इकडं वारं फार सुटलंय, थंडी पण आहे. तिला तिकडंच राहू द्या. शंभूराज जानेवारीत रजेवर येईल, तेव्हा बघू.

हे पत्र तिला दाखवू नका. ह्यांना पण यातलं काही कळवू नका.

शालन


विश्रामबाग, सांगली
२७ नोव्हेंबर २०२४

शालनताई,

"तिला तिकडंच राहू द्या." वा. मी हवी की नको विचारलं आणि तुम्ही थंडीवारा सांगून मोकळ्या झालात. नको असेल तर सरळ नको म्हणा. आम्ही लेक काही रस्त्यावर टाकलेली नाही. ती पुण्यात नोकरीसाठी अर्ज करत बसली आहे. उद्या तिनं तुमचं घर सोडलं म्हणून लोक तिलाच बोलतील, दाढेला कोणी बोलणार नाही.

मी रागानं हे पाकीट बंद करणार होते. पण खात्यातली सवय, टाकायच्या आधी कागद पुन्हा वाचायचा. तुमचं पत्र पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिता, तीन दाढा काढल्या तरी थांबत नाही. शालनताई, काढून टाकलेली दाढ दुखते कशी?

हे टोचून विचारत नाही. खरंच विचारते.

विजयमाला


पाटण
९ डिसेंबर २०२४

विहीणबाई,

तुमचा प्रश्न आठ-दहा दिवस उशाखाली ठेवला होता. दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही. मी पण स्वतःला विचारलं नाही. आज हे कराडला गेलेत, घरात कोणी नाही. लिहिते.

दोन वर्षांमागं, फेब्रुवारीत, मी तोंड धूत होते. ओल्या हाताचं बोट उजव्या नाकपुडीच्या बाजूला लागलं आणि तोंडात वीज शिरली. तुम्हाला कसं सांगू? आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला एकदा माझा ओला हात लागला होता, तसं. फक्त गालात. ओठापासून कानापर्यंत. मोजून दहा-बारा सेकंद, आणि संपलं. मी तांब्या हातात धरून तशीच उभी. वाटलं, झालं ते झालं, परत होणार नाही. तिसऱ्या दिवशी परत आली.

मग दाढेचा डॉक्टर. पहिली दाढ काढली, दुसरी काढली. तिसरीच्या वेळी तो म्हणाला, "काकू, ही दाढ चांगली आहे, हिला हात लावायला नको." मीच म्हणाले, काढा. माझ्याच हट्टानं काढली. घरी येईपर्यंत एसटीच्या खिडकीतून वारं लागलं आणि होती तशी वीज आली. तेव्हा कळलं की दाढेचं काही नाही. पण लोकांना सांगायला दाढ बरी पडते. दाढ सगळ्यांची दुखते.

आमच्या मनुबाई आत्यांनी विटेचा शेक दिला. एकदा देवरुषाकडं पण जाऊन आले, ते तुम्हाला लिहायला लाज वाटते.

आता गाल म्हणजे माझा नाहीच असं धरून मी चालते. पदर उजवीकडून घेत नाही. कुंकू लावते, पण हात चुकून खाली घसरू देत नाही. दात घासायचे म्हणजे आधी देवाचं नाव घ्यायचं, आणि आठवड्यातून तीनदाच. भाकरी दुधात कालवून डावीकडून गिळते. गरम चहानं कळ येते, म्हणून गार करून पिते. सोनियानं आलं घालून केलेला चहा, त्याचा वास मी रोज घेते. ह्यांच्या गाडीवर मागं बसून पाटणच्या बाजाराला जाऊन दीड वर्ष झालं. कोयनेवरून वारं आलं की मी दार लावून आत बसते, दुपार असो की सकाळ. आणि बोलायचं म्हणजे ओठ हलवायचे. एखाद्या दिवशी दहा वाक्यं बोलते, काही होत नाही. एखाद्या दिवशी "ये" म्हटलं की तेवढ्यावर येते. कधी येणार ते कळत नाही, हे सगळ्यात वाईट. दुखत नसतं तेव्हा मी दुखायची वाट बघत असते.

सूनमुखाच्या दिवशी सकाळपासून चार वेळा आलं होतं. मी करवल्यांना सांगून ठेवलं होतं की पोरीला माझ्या डावीकडं बसवा. कोणीतरी फोटोसाठी उजवीकडं बसवली. तिनं गाल टेकवला. विहीणबाई, मी तिला ढकललं नाही. माझ्या हातानं ढकललं. आत जाऊन मी पदराचा बोळा दातात धरला आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. बाहेर वाजंत्री वाजत होती.

पिठाचं पण तसंच. पोरीचा हात येताना दिसला आणि मी मारला. मग ती दोन दिवस रडली. मला तिच्याजवळ जाऊन सांगता आलं असतं, पण सांगायला तोंड पाहिजे.

सांगितलं का नाही, ते पण लिहिते. लग्नाच्या आधी दोन महिने कराडच्या एका डॉक्टरनं सांगितलं होतं की ही दाढ नाही, डोक्यातली नस आहे, आणि गोळ्या लिहून दिल्या. हे म्हणाले, "लगीन तोंडावर आलंय. डोस्क्याचा आजार म्हनलं की मानसं येडं म्हनत्यात. आत्ता गप ऱ्हा." मला पण ते पटलं. तुमची पोर आम्ही आजार लपवून आणली. उद्या तुम्ही म्हणाल फसवलं, आणि ते खरंच आहे. म्हणून गप्प राहिले ती राहिलेच. शंभूराजला सांगितलं नाही, तो तिकडं बर्फात उभा असतो.

गोळ्या जास्त दुखलं की घेते. घेतल्या की गरगरतं, शब्द सापडत नाहीत, म्हणून बंद करते.

पाच पानं झाली. इतकं मी दोन वर्षांत बोलले नसेन. लिहिताना तोंड दुखत नाही, हे मला आजच कळलं.

सोनियाला सांगू नका. ती मला वाईट सासू समजते ते परवडलं. आजारी सासू गळ्यात मारली असं तिला वाटायला नको.

शालन


विश्रामबाग, सांगली
१४ डिसेंबर २०२४

शालनताई,

तुमचं पत्र मी बाल्कनीत उभ्यानं वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर खाली बसले. मला माफ करा, हे एकदा लिहिते. पुन्हा पुन्हा लिहिणार नाही, तुम्हालाही आवडणार नाही आणि माझ्याही स्वभावात नाही. तुम्ही फसवलंत याचा मला राग आहे. तो राग असू दे एका बाजूला, आधी गालाचं बघू.

इथं जवळच नसांचे एक डॉक्टर आहेत. काल नंबर लावून गेले. त्यांनी विचारलं, पेशंट कुठाय? मी म्हटलं, पेशंट पाटणला आहे, मी तिचं पत्र आणलंय. ते हसले. नाव झाकून मी त्यांच्यासमोर तुमची मधली तीन पानं धरली. वाचता वाचता त्यांचं हसणं थांबलं. म्हणाले, "बाईंनी पुस्तकात असतं तसं लिहिलंय. तपासायला हवंच, पण मला फारशी शंका नाही."

आजाराचं नाव त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. मेंदूतून चेहऱ्याकडं एक नस येते, तिच्या तीन फांद्या, कपाळाला, गालाला आणि जबड्याला. बहुतेकांच्या बाबतीत आत डोक्यातच एखादी रक्तवाहिनी त्या नसेला टेकलेली असते. तिचे ठोके बसून बसून नसेवरचं आवरण झिजतं. मग वारं लागलं काय किंवा पदर लागला काय, नस ते मेंदूला वीज म्हणूनच कळवते. दाढेशी संबंध नाही. वेडाशी तर नाहीच. कितीतरी जणांच्या चांगल्या दाढा यापायी गेल्यात, तुम्ही एकट्या नाही.

आता नीट वाचा. ती गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी दुखल्यावर घ्यायची नाही. ती रोज, घड्याळ लावून, दुखो न दुखो घ्यायची. कमी मात्रेपासून हळूहळू वाढवायची आणि मनानं एकदम बंद करायची नाही. दुखल्यावर घेणार, गरगरलं की सोडणार, यात तुम्हाला नुसतं गरगरणंच मिळालं. मात्र ही गोळी काहींच्या रक्तातलं मीठ कमी करते, त्यामुळे तुमच्या कराडच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा आणि पंधरा दिवसांत रक्त तपासा. पुढं डोक्याचा एमआरआय काढावा लागेल, तो इथं काढू.

सोनियाला मी सांगितलेलं नाही. शब्द दिला नव्हता तरी पाळतेय. पण हे कठीण आहे. काल ती जेवताना म्हणाली, शंभूराज रजेवर आले की वेगळं व्हायचं बोलणार आहे. घर वेगळं नव्हे, शालनताई. लग्नच. मी ताटात बघत बसले. तुमचं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं.

विजयमाला


पाटण
८ जानेवारी २०२५

विजयाताई,

उशीर झाला. आठ दिवस कराडला दवाखान्यात होते, काळजी करू नका, आता घरी आहे.

डॉक्टरांना विचारून घड्याळ लावून गोळ्या घेतल्या. सहाव्या दिवसापासून वीज थांबली. मला आधी खरं वाटेना. बोटानं गाल दाबून बघितला. मग केस धुतले. मग भाकरी ठेच्याबरोबर चावून खाल्ली, ठेच्यानं डोळ्यात पाणी आलं तरी खात राहिले. असे नऊ दिवस मिळाले. त्या नऊ दिवसांत मी सोनियाला फोन करायचा ठरवत होते. रोज म्हणायची, उद्या.

दहाव्या दिवशी मी ह्यांना शंभूराज म्हणून हाक मारायला लागले. गोठ्याची वाट सापडेना. अंगणातच पडले. रक्तातलं मीठ फार खाली गेलं होतं. तिथं गोळी अर्ध्यावर आणली आणि वीज परत आली. आता असं आहे, गोळी घेतली तर पाय जातात आणि नाही घेतली तर तोंड जातं. कुठल्याच बाजूनं सुटका नाही. काल पहिल्यांदा माझ्या मनात विहिरीचा विचार आला. घाबरू नका, आला आणि गेला, आणि तो मी ह्यांना लगेच सांगितला. आता ह्यांनी मोटारीच्या पेटीची किल्ली आणि मला, दोघांना नजरेसमोर ठेवलंय.

दवाखान्यात न्यायला माझे कपडे शोधताना ह्यांना तुमची पत्रं सापडली. वाचली त्यांनी. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, खाटेच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आगं, मला वाटलं दाढंसारकं ठणकत आसंल. एवढं आसतंय व्हय? तू कवा बोललीच न्हाईस." मी पाटीवर लिहून दाखवलं, तुम्हीच गप राहा म्हणाला होता. मग ते बाहेर जाऊन बसले.

परवा सोनियाचा फोन आला होता. ह्यांच्याकडून दवाखान्याचं कळलं असणार. मी घेतला. तिनं विचारलं, "आई, कशा आहात?" मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी आलं. तिला माझा नुसता श्वास ऐकू गेला असेल. थोडा वेळ थांबून तिनं फोन ठेवला. ती मनात काय म्हणाली असेल ते मला माहीत आहे.

विजयाताई, मी चुकले. तिला वाईट सासू परवडेल, असं मी लिहिलं होतं. तिला नाही परवडत, आणि मला पण नाही. माझ्याच्यानं तोंडानं सांगणं होणार नाही. माझी पत्रं तिला द्या. सगळी द्या, विहिरीचं लिहिलंय ते पान सुद्धा.

शालन


विश्रामबाग, सांगली
१५ जानेवारी २०२५

शालनताई,

काल संक्रांत झाली. तिळगुळाबरोबर जे म्हणतात ते तुम्हाला म्हणायला जीभ रेटत नाही. सोबत तिळाची वडी पाठवते, मऊ केली आहे, डावीकडून विरघळवा.

पत्रं दिली. सोनिया दार लावून वाचत बसली. बाहेर आली ती आधी माझ्यावर तुटून पडली. "तू पण? महिनाभर तुला माहीत होतं आणि तू माझ्यासमोर पोळ्या लाटत होतीस?" मग म्हणाली, "सात महिने मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी वाईट आहे. माझ्या हाताचाच त्यांना किळस येतो. एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या असत्या तर काय झालं असतं?" ते आपण दोघींनी ऐकून घ्यायचं.

राग गेलेला नाही. तिनं सांगितलंय ते जसंच्या तसं कळवते. शंभूराजांबरोबर ती पाटणला येईल, तुम्हाला सांगलीला आणेल, एमआरआय आणि डॉक्टर होईपर्यंत सोबत राहील. पुढं तुमच्या घरी राहायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. मी तिला गळ घालणार नाही आणि तुम्हीही घालू नका.

पाकीट डकवताना तिनं कागद ओढून घेतला. खालच्या ओळी तिच्या हातच्या आहेत.

आई, रोज चार वाजता फोन करीन. तुम्ही बोलू नका, मी बोलेन. हो असेल तर फोनवर एकदा बोट वाजवा, नाही असेल तर दोनदा. विहिरीचा विचार परत आला तर वाजवतच राहा. सोनिया.


पाटण
२२ एप्रिल २०२५

विजयाताई,

बॅग उघडली. तुम्ही सगळ्यात आधी तेच विचाराल, म्हणून पहिल्या ओळीत लिहिलं. कशी उघडली ते सांगते.

तुमच्याकडचे ते दिवस मी विसरणार नाही. घरी आल्यावर ह्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं, आणि विजयाताई, मी ते तोंडानं सांगितलं. एमआरआयमध्ये रक्तवाहिनी नसेला टेकलेली दिसली. कानामागून कवटी उघडून दोघींच्या मध्ये बारीक गादी ठेवायची, हा खरा उपाय, पण लहानपणीच्या तापानं माझी हृदयाची झडप अधू आहे, इतका वेळ भूल द्यायला डॉक्टर धजावेनात. म्हणून मग गालातून सुई घालून ती नसच थोडी जाळली. हे म्हणाले, "म्हंजे तार तोडली म्हना की." म्हटलं, व्हय, तसंच. गेल्या महिन्यापासून वीज नाही. गोळी कमी करत आणलीय. पुढं दोन-चार वर्षांनी परत येऊ शकते, हे डॉक्टरांनी लपवलं नाही, आणि वारं सुटलं की अजून माझा हात दाराच्या कडीकडं जातो.

तार तोडल्याची किंमत म्हणजे उजवा गाल बधिर झालाय. ओठ पण अर्धा. चहा कोपऱ्यातून गळतो आणि मला कळत नाही. घास गालात राहून जातो. दात गाल चावतात ते रक्ताची चव आल्यावर समजतं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, काही दिवस आरसा समोर ठेवून जेवा.

सोनिया मला पोचवायला आली, त्याला काल पाच दिवस झाले होते. बॅग सोप्यात उभीच होती, तुमच्या कोपऱ्यात होती तशी. मी विचारलं नाही. तुम्ही गळ घालू नका म्हणाला होता.

काल त्यांच्या लग्नाला वर्ष झालं. सकाळी शंभूराजचा फोन येऊन गेला. मी चहा घेऊन बसले होते. सोनियानं कपाटातून आरसा काढला. तोच आरसा, सूनमुखाचा, पडला होता तेव्हा एका कोपऱ्याचा टवका उडालेला. माझ्या समोर धरायला ती शेजारी बसली, उजवीकडंच. आरशात आम्ही दोघी दिसलो. दोघींच्याही ते एकदमच ध्यानात आलं.

मग मी आरशात बघितलं तर तिचा हात माझ्या गालावर होता. कधी ठेवला मला माहीत नाही. आरसा नसता तर कळलंच नसतं.

"आई, दुखतंय?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

ती खूश झाली. पोरीचे डोळे भरून आले. विजयाताई, मला तिथंच थांबता आलं असतं. तुझ्या हाताची ऊब लागली गं, एवढं म्हटलं असतं की झालं होतं. तोंडावर आलं पण होतं ते. पण गप्प बसून आणि चांगलं बोलून मी या पोरीला एक वर्ष काय दिलं, ते मला माहीत आहे.

म्हणाले, "दुखत न्हाई. पण तुझा हात पन कळत न्हाई मला. कायच कळत न्हाई त्या अंगाला. मी आरशात बघून सांगत्ये."

तिचा हात तसाच राहिला. ती आरशातून माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं आरसा मांडीवर उपडा ठेवला, उठली, फिरून माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि डाव्या गालावर हात ठेवला. त्या गालाला दोन वर्षांत कोणाचा हात लागला नव्हता. मी सगळं तोंडच वळवून घेत होते ना.

हात गार होता. नुकतीच भांडी घासून आली होती.

शालन